तीन महिन्यांची सरासरी

ऑगस्टपासून आमच्या घरात परीक्षा चालू होती, आणि परीक्षेला बसणारा विद्यार्थी साठीला टेकलेला होता.

हे म्हणजे विश्राम मायदेव, माझे यजमान. डोंबिवलीत त्यांना मायदेव सर म्हणूनच ओळखतात. एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात गणित शिकवायचे, त्याआधी घरी शिकवण्या घ्यायचे. अर्ध्या डोंबिवलीला यांनी इंटिग्रेशन शिकवलंय आणि उरलेल्या अर्ध्या डोंबिवलीला मी वरणभात भरवलाय. माझं पाळणाघर होतं. आया सकाळी पोरं माझ्या कडेवर देऊन ऑफिसला पळायच्या आणि संध्याकाळी दमून भागून परत न्यायच्या. तेव्हा दोघांनाही माणसं घडवायची सवय. फरक इतकाच, की माझ्याकडची पोरं पास-नापास व्हायची नाहीत.

नोव्हेंबरअखेर हे निवृत्त होणार होते, आणि त्याच दिवशी कॉलेजची मेडिक्लेम पॉलिसीही संपणार होती. ती नोकरीत असेपर्यंतच. ही गोष्ट आम्हाला कितीतरी आधीपासून माहीत होती, पण तहान लागल्यावर विहीर खणायची हा आमच्या घराचा जुना रिवाज. मुलगा सलिल बंगळुरूला असतो. त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत आईवडील किंवा सासूसासरे, एकच जोडी टाकता येते. त्याने सासूसासरे टाकले. "तुम्हाला बाबांच्या कॉलेजची आहे ना गं आई," म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मी आत जाऊन भांडी जरा जोरात घासली.

जुलैत समोरच्या निशाच्या नवऱ्याला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांच्याकडे पॉलिसी नव्हती. माणूस वाचला, पण म्हातारपणासाठी ठेवलेली बदलापूरची जागा गेली. निशा पूर्वी जिन्यात भेटली की अर्धा तास बोलायची, आता नुसती हसून आत जाते. ते हसू बघितल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या चुकायच्या. कुलूप लावलं का, म्हणून खालच्या मजल्यावरून परत वर यायचे. रात्री दोन-तीनदा उठून तांब्याभर पाणी प्यायचे. काळजीने घशाला कोरड पडते म्हणतात, तसंच असेल असं मी धरून चालले होते.

शेवटी मीच क्षिप्राला फोन केला. क्षिप्रा माझ्या पाळणाघरातली. तिची आई बँकेत होती, त्यामुळे ही सगळ्यांत आधी यायची आणि सगळ्यांत शेवटी जायची. आता आरोग्य विम्याची एजंट आहे, ठाण्याला नौपाड्यात ऑफिस आहे. आली ती गळ्यात ओळखपत्र घालून, आणि बसल्याबसल्या मला लायसन्स दाखवायला लागली.

"मला काय लायसन्स दाखवतेस? तुझी झबली मी वाळत घातलीयेत."

"मावशी, दाखवावंच लागतं. आणि प्लीज, आज मला लहान समजू नका हां, मी कामाला आलेय."

कामाला आली होती हे मात्र खरं. चांगला तासभर तिने आम्हा दोघांना समजावलं. खोलीच्या भाड्याला मर्यादा असलेली पॉलिसी घेऊ नका, महागड्या खोलीत गेलात तर नुसत्या भाड्याला नाही, सगळ्या बिलाला कात्री लागते. प्रत्येक बिलातला काही भाग आपण भरायचा अशी अट असते, ती कमीत कमी बघू. साठीला नवीन पॉलिसी म्हटल्यावर कंपनी दोघांचीही टेस्ट घेणार. रक्त, लघवी, ईसीजी. साखर नुसती उपाशीपोटीची नाही बघत, तीन महिन्यांची सरासरी बघतात.

तोपर्यंत हे पंख्याकडे बघत बसले होते. 'सरासरी' म्हटल्यावर ताठ झाले. 'टेस्ट' तर आधीच ऐकलेलं होतं.

"म्हणजे तीन महिने आधीपासून तयारी करायची," हे म्हणाले.

"अहो सर, तयारी कसली? ती काय पास व्हायची टेस्ट नाहीये. तुमचं जे आहे ते त्यांना कळायला हवं, बस."

"जगात अशी कुठलीच टेस्ट नसते, क्षिप्रा."

ती हसली. मग ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली, "एक सगळ्यात महत्त्वाचं. कुठलाही आजार, चालू असलेली कुठलीही गोळी, अगदी छोटी असली तरी सांगायची. आधी सांगितलं तर फार तर काही वर्षं त्या आजाराला कव्हर मिळत नाही. लपवलं आणि नंतर निघालं, तर ऐन वेळी क्लेम जातो, पॉलिसीपण जाते. मी अशा केसेस बघितल्यात. सर, तुम्हाला काही आहे?"

"काही नाही," हे म्हणाले.

यांना चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. अर्धी. आमचे नेहमीचे डॉक्टर देतात, रोज सकाळी चहाआधी मीच तोडून बशीत ठेवते. मी यांच्याकडे बघितलं. वर्गात बोलणाऱ्या पोराकडे बघत असतील, तसं यांनी माझ्याकडे बघितलं. क्षिप्रा गेल्यावर मात्र विचारलं.

"अर्ध्या गोळीला आजार म्हणत नाहीत, मंदा. रीडिंग किती येतं माझं? नॉर्मल. रीडिंग नॉर्मल, म्हणजे रक्तदाब नाही. सिद्ध झालं."

"गोळी घेता म्हणून नॉर्मल येतं ना?"

"ते तू सिद्ध करून दाखव," असं म्हणून हे पेपर वाचायला लागले. पस्तीस वर्षं गणिताच्या माणसाबरोबर संसार केला की एक कळतं, सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं नाही. पण ती अर्धी गोळी त्या दिवसापासून माझ्याच घशात अडकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. पहाटे नव्वद फुटी रस्त्याने ठाकुर्लीपर्यंत चालत जाणं आणि येणं. आल्यावर दुधीचा रस. जेवणात नाचणीची भाकरी, भात बंद, बटाटा बंद, साखर तर हद्दपार. यांच्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी अलीकडे अशा टेस्ट दिल्या होत्या, त्यांचे रिपोर्ट मागून आणले आणि टेबलावर पसरून बसले. का, तर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. कुठे काय विचारतात, किती मार्कांना. निवृत्त व्हायला आलेल्या मास्तरला अभ्यास नसला की करमत नाही हे मला समजत होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मीही सुरुवातीला हसले, पोराची दहावी असल्यासारखा टीव्हीचा आवाजही बारीक केला.

आमच्याकडे परीक्षा असली की घराने कसं वागायचं हे ठरलेलं असतं. सलिलच्या बारावीला माझी मावशी गेली, तर यांनी पेपर संपेपर्यंत पोराला कळू दिलं नव्हतं. परीक्षा देणाऱ्यापुढे दुखलं-खुपलं काढायचं नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत, त्याला हवं ते हातात द्यायचं. या वेळी परीक्षा नवऱ्याची होती, एवढाच बदल.

पण हे तीन महिने कुठले होते? ऑगस्ट ते नोव्हेंबर. म्हणजे वर्षातलं सगळं गोड एका रांगेत. गणपतीला एकवीस मोदक नैवेद्याला. यांनी एक मोदक कपाळाला लावून माझ्या ताटात ठेवला. प्रसाद टाकतात का? वीस मी दोन दिवसांत संपवले, एक मोलकरणीला दिला. दसऱ्याला श्रीखंड आणलं, ते सवयीने दोघांपुरतं. कोजागिरीला दूध आटवलं, यांनी वास घेतला आणि आत जाऊन बसले. दिवाळीत तर सर निवृत्त होणार म्हणून जुने विद्यार्थी रांगेने येत होते, आणि प्रत्येकाच्या हातात डबा. काजूकतली, बर्फी, सोनपापडी. हे हात जोडून म्हणायचे, "मला नको रे, परीक्षा आहे." सगळे हसायचे आणि डबा माझ्या हातात द्यायचे. फ्रिज भरला, फडताळ भरलं. अन्न वाया घालवायचं नाही, हे माझ्या आईने मला शब्दाने नाही, पाठीत धपाटे घालून शिकवलंय. दुपारी हे कॉलेजला गेले की मी पेपर घेऊन बसायचे आणि डबा उघडायचे. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मजा यायची. नंतर नंतर ते काम झालं.

आणि बेचैनी वाढतच होती. एका जागी बसवेना. ओट्याशी उभी राहिले तर बसावंसं वाटे, बसले तर उठावंसं. टाचणीने टोचावं तसं पायांत काहीतरी चाले. रात्री आडवी झाले की तारीख डोळ्यांपुढे यायची. आपली पॉलिसी संपलीये, नवीन झालेली नाही आणि नेमकं त्याच दिवशी यांना काहीतरी झालंय, असंच चित्र. लक्षात घ्या, प्रत्येक वेळी यांनाच काहीतरी व्हायचं. मला काही होईल हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. मला कधी काय झालंय?

दिवाळीनंतर टेस्टचा दिवस ठरला. कंपनीची ठरलेली लॅब कल्याणला होती. हे पहाटेच उठून, कपाळाला अंगारा लावून, खिशात दोन पेनं अडकवून तयार. रिक्षाने पत्रीपुलावरून जाताना मला म्हणाले, "घाबरू नकोस, जे येतं ते आधी सोडवायचं." लॅबमधल्या मुलीने यांचं रक्त एका टोचणीत काढलं. माझी शीर सापडेना, तीनदा टोचलं. हे बाहेर येऊन शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांना विचारत होते, "तुमची साधारण सरासरी किती येते?" ते बिचारे घाबरून दुसऱ्या बाकावर गेले.

परत येताना यांनी बटाटेवडा मागितला. परीक्षा संपली होती.

आठवड्याने रविवारी क्षिप्रा आली. चहा नको म्हणाली. क्षिप्राने चहा नाकारला म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मला कळायला हवं होतं. लहानपणी दूध सांडलं की ती अशीच भिंतीला पाठ लावून बसायची.

"सर, तुमचं मंजूर झालंय. एकदम क्लीन रिपोर्ट."

"सरासरी?" यांनी विचारलं.

तिने आकडा सांगितला. यांचा चेहरा असा खुलला, की तसा सलिलच्या बारावीच्या निकालालाही खुलला नव्हता. उठले, पाणी प्यायले, परत बसले. मग म्हणाले, "आणि मंदाचा?"

क्षिप्राने रिपोर्ट माझ्या हातात न देता मांडीवरच ठेवला. "मावशींचं प्रपोजल कंपनीने नाकारलंय. साखरेची सरासरी खूप जास्त आलीये. लघवीतून प्रोटीन जातंय थोडं. मावशी, तुम्ही कधी तपासलं नव्हतं?"

"मी कशाला तपासायला जाऊ? मला काय झालंय?"

"तुम्हाला डायबेटिस आहे मावशी. आणि तो नवीन नाही वाटत." एवढं बोलून तिने माझा हात धरला. हिला मी घास भरवलेत, आणि आता ही माझा हात धरून बसली होती. मला तिचाच राग आला.

यांनी रिपोर्ट मागून घेतला, आकडा दोनदा वाचला. मग, देवाशप्पथ सांगते, वाईट हेतूने नाही, पण मास्तरच ते, म्हणाले, "तरी मी सांगत होतो. तूही थोडा अभ्यास करायला हवा होतास."

मला पेटायला तेवढं पुरलं.

"अभ्यास? तुमच्या अभ्यासाचं गोड कोणी खाल्लं? वीस मोदक कोणी गिळले? ती श्रीखंडं, ते डबे, तुम्ही हात जोडायचे आणि मी तोंड उघडायचं! तुमची सरासरी खाली आली ती कुठे गेली, माझ्या पोटात गेली! आणि मी नापास?"

"मावशी, मोदकांनी नाही होत हे," क्षिप्रा घाईघाईने म्हणाली, "आधीपासून असणार, गोडाने फक्त वर चढलं."

"तू गप्प बस गं," मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं. रागाने नाही. मी घाबरले होते. इतके दिवस जी भीती यांच्या नावाने बाळगली होती, ती वळून माझ्याकडे आली होती, आणि तिच्यापुढे माझ्याकडे काहीच तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी मला झापलं, मग फोन करून यांना, मग गोळ्या लिहून दिल्या. अर्ध्या नाहीत, चांगल्या पूर्ण, सकाळ-संध्याकाळ.

पुढचे दिवस घरात कसे गेले ते आम्हालाच माहीत. टेबलावर यांच्या मंजुरीचा कागद होता, पैसे भरले की पॉलिसी सुरू. हे तो उचलायचे, वाचायचे, ठेवायचे. एकदा म्हणाले, "माझी घेऊन टाकतो. तुझं आपण बघू."

तुझं आपण बघू. घरातली गळकी मोरी, सलिलचं लग्न लांबलं होतं ते, गावची वाटणी, जे जे यांना सोडवता आलं नाही त्याला हे 'आपण बघू' म्हणत आलेत. त्या यादीत आता मी जाऊन बसले होते. मी उठले. दिवसभर घरात फेऱ्या घालत राहिले, गॅलरीतून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत. खालच्या मजल्यावरच्या आबांनी शेवटी वर निरोप पाठवला, की वहिनी, काही सापडत नाहीये का?

आणि मग क्षिप्राचाच फोन आला. दुसरी एक कंपनी होती, डायबेटिस असलेल्यांना घेते. प्रीमियम जास्त, अटी जास्त, पण ती बोलली होती, नव्याने फॉर्म भरावा लागेल, दोघांचा एकत्र. आधी एका कंपनीने नाकारलंय हेही लिहायचं. "वेळ कमी आहे मावशी, दोघं ठाण्याला ऑफिसमध्येच या. मी समोर बसून भरून घेते."

गेलो. छोटं ऑफिस, एक टेबल, तीन खुर्च्या, खाली नौपाड्यातली गर्दी. क्षिप्राने माझ्यापासून सुरुवात केली. नाव, जन्मतारीख, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. मग म्हणाली, "मावशी, इथे एक प्रश्न आहे. सध्या काही त्रास होतोय का? मागच्या वेळी आपण 'नाही' लिहिलेलं. या वेळी नीट आठवून सांगा. काही सोडू नका."

मी यांच्याकडे बघितलं नाही. तिच्याकडेच बघून सांगितलं.

"तहान लागते. रात्रीची दोन-तीनदा उठते, पाणी प्यायला आणि बाथरूमला. पायांत टोचल्यासारखं होतं. संध्याकाळनंतर तळवे बधिर होतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, जिन्यात दोनदा अशी खाली गेली. पेपरातली अक्षरं मधूनच धुरकट होतात. कोजागिरीला दूध आटवताना हाताला चटका बसला, तो अजून नीट भरलेला नाही." मी पदराखालचं मनगट टेबलावर ठेवलं. "आणि बसवत नाही. सारखं काहीतरी राहिलंय असं वाटतं. मला वाटायचं, पॉलिसीची काळजी. वय झालं. सगळ्याच बायकांना होत असेल."

क्षिप्रा लिहीत होती. पंखा तेवढा कटकट करत होता. यांनी पुढे वाकून माझं मनगट बघितलं. चटका बसला तेव्हा त्या दुधाच्या पातेल्यापासून चार हातांवर हे बिनसाखरेचा चहा घेऊन बसले होते. तीन महिने हे रोज स्वतःचं वजन, स्वतःची नाडी, स्वतःची पावलं मोजत होते. माझ्या मनगटाला पट्टी आहे हे यांना आता, ठाण्यात, दिसलं.

"आता सरांचं," क्षिप्रा म्हणाली. "सर, तुमचं सोपं आहे. रिपोर्ट क्लीन, आजार नाही, गोळी नाही..."

मी ठरवून आले होते. या वेळी मी सांगणार होते. रागावले तर रागावले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि उद्या यांचं खोटं निघालं तर एकाच पॉलिसीत बसलेली मीही उघड्यावर पडणार. मी तोंड उघडलं.

"लिही," हे माझ्या आधी म्हणाले. "विश्राम मायदेव. उच्च रक्तदाब. अर्धी गोळी, रोज, चार वर्षं."

क्षिप्राचं पेन थांबलं. "सर! मी तेव्हा विचारलेलं ना तुम्हाला?"

"विचारलं होतंस."

"मग आधीच्या कंपनीचं जे मंजूर झालंय, त्याचं काय करायचं? तिथे तर 'नाही' लिहिलंय."

"ते सोडून दे. कॉपी करून मिळवलेले मार्क आहेत ते." पस्तीस वर्षं ज्या माणसाने कॉपी करणाऱ्यांच्या उत्तरपत्रिका हिसकावून घेतल्या, तो हे खाली मान घालून बोलत होता. मला त्यांची कीवही आली आणि 'बरं झालं' असंही वाटलं. दोन्ही खरं.

क्षिप्राने सुस्कारा सोडला आणि तिच्या त्या कामाच्या आवाजात सांगितलं. मावशींच्या साखरेला आणि सरांच्या रक्तदाबाला, त्यातून जे जे उद्भवेल त्याला, तीन वर्षं कव्हर नाही. प्रीमियम दोघांचाही चढणार. बाकीचे आजार, अपघात, ते सगळं नेहमीप्रमाणे. "म्हणजे तीन वर्षं तुम्ही दोघांनी स्वतःला सांभाळायचं. त्यानंतर सगळं सुरू."

"चालेल," हे म्हणाले. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

पॉलिसी मिळाली, ते सांगून टाकते, उगाच कोणाला घोर नको. यांच्या निरोप समारंभाच्या दोन दिवस आधी कागद आला. दोघांची नावं एकाखाली एक, आणि दोघांच्याही नावापुढे तीच अट. बेचैनी गेली का म्हणाल, तर नाही. साखर खाली आली तशी थोडी कमी झाली, एवढंच. पूर्वी भीती होती की बिल कोण भरेल. आता वाटतं, या तीन वर्षांत दोघांपैकी कोणाला काही होऊन चालणार नाही. एकाने आजारी पडणं आता आम्हाला परवडणारं नाही, पैशाने नाही आणि मनानेही नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचंच, ठाण्यातलं. सह्या झाल्यावर क्षिप्रा आधारकार्डांच्या झेरॉक्स काढायला खाली गेली. आम्ही दोघंच टेबलाशी. यांनी माझं मनगट पुन्हा हातात घेतलं, पट्टीची सुटलेली कड दाबून बसवली. ती चिकटेना, तरी दाबत राहिले.

"हे सगळं कधीपासून होत होतं तुला?"

"गणपतीपासून. कदाचित आधीपासूनही."

"इतके दिवस? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

यांच्या आवाजात राग होता, पण माझ्यावरचा नव्हता. मी खोटं बोलू शकले असते, की लक्षातच आलं नाही. पण त्या टेबलावर त्या दिवशी सगळ्यांनीच खरं सांगितलं होतं.

"कसं सांगणार?" मी म्हटलं. "तुमची परीक्षा चालू होती."